लागलेली पोलो जीटी की ऑक्टाव्हिया आरएस? अपघात झालेली जुनी परफॉर्मन्स कार पुण्यात घेताना

पुण्यात जुनी फोक्सवॅगन पोलो जीटी टीएसआय, फियाटची अबार्थ पुंटो किंवा स्कोडाची ऑक्टाव्हिया आरएस शोधायला लागलात की थोड्याच दिवसांत लक्षात येतं, चांगल्या भावात जी दिसते ती कुठेतरी लागलेली असते. यात नवल काही नाही. दमदार पिकअपची गाडी, विशी-पंचविशीतला मालक आणि पावसाळ्यातला ताम्हिणी घाट एकत्र आले की बंपरचं काहीतरी होणारच. शिवाय या गाड्या मुळात थोड्याच विकल्या गेल्या. २०२० ची ऑक्टाव्हिया आरएस २४५ तर अख्ख्या देशात २०० आली. त्यामुळे 'अजिबात न लागलेलीच हवी' असा हट्ट धरलात तर एकतर वर्षभर थांबाल, नाहीतर एखाद्या गोडबोल्या एजंटच्या गळाला लागाल.

लागलेली आहे एवढ्यावरून गाडी सोडून द्यायची गरज नाही, असं माझं मत आहे. मात्र कुठे लागली, धक्का किती आत गेला आणि कोणी कोणते पार्ट घालून ती जोडली, हे कागदावर दिसेपर्यंत टोकनचा एक रुपयाही द्यायचा नाही. पुढचा सगळा क्रम याच तीन प्रश्नांभोवती आहे.

१. कुठली ठोकर चालेल, ते आधी ठरवा

पार्किंगमध्ये खांबाला घासलेला दरवाजा आणि ट्रकच्या मागून आत घुसलेलं नाक एकाच हिशेबात धरू नका. गाडीवर दोन जातीचे पार्ट असतात: नटबोल्टने बसणारे आणि कारखान्यात वेल्डने जोडलेले. बंपर, बोनेट, पुढचे फेंडर, दरवाजे, डिकीचं झाकण, हेडलॅम्प हे सगळं बोल्टवर असतं. पोलो आणि ऑक्टाव्हियात रेडिएटर धरणारी पुढची चौकटही बोल्टनेच बसते. एवढंच बदललेलं असेल, पार्ट ओरिजिनल असतील आणि बिल असेल, तर मी ती गाडी बिनधास्त बघायला जातो.

वेल्डच्या पार्टांचं तसं नाही. फेंडरच्या आतला एप्रन, इंजिनच्या दोन्ही बाजूंनी पुढे येणारे दांडे (गॅरेजवाले यांना चॅसिसच म्हणतात, जरी आजच्या गाडीला वेगळी चॅसिस नसली तरी), पिलर (छप्पर धरणारे खांब), छप्पर, दरवाजाखालचा पाट, डिकीचा तळ. इथे कापून जोडकाम झालं असेल तर प्रश्न रंगाचा राहत नाही, पुढच्या अपघातात गाडी कशी चेपली जाईल याचा होतो. मधल्या पिलरमध्ये बऱ्याच गाड्यांत गरम अवस्थेत ठोकून कडक केलेलं पोलाद वापरतात. गॅसची ज्योत लावून ते 'सरळ' केलं की त्याचा कडकपणा जातो. दिसायला पिलर पूर्वीसारखाच, पण बाजूने धडक बसली तर वाचवणारी ताकद गेलेली असते.

म्हणून माझी नकाराची यादी छोटी पण पक्की आहे: पलटी झालेली, पिलर किंवा छप्पर कापलेली, पाण्यात बुडालेली, आणि एअरबॅग उघडूनही एअरबॅगचं बिल नसलेली. यातलं काहीही निघालं की भावाची गोष्टच काढायची नाही. एप्रनचं काम झालेली गाडी मधल्या रांगेत येते. ते काम कंपनीच्या बॉडीशॉपमध्ये मोजमापाच्या बेंचवर झालं असेल तर विचार करावा, रस्त्याकडेच्या डेंटरने साखळीने ओढलं असेल तर नको.

२. गाडी बघायच्या आधी विम्याचे कागद मागा

बहुतेक जण इथे आरसी बघतात आणि समाधानी होतात. आरसीवर अपघाताबद्दल काहीच नसतं. अमेरिकेत मोडीत निघालेल्या गाडीच्या मालकीपत्रावर तसा शिक्का बसतो, आपल्याकडे तसला प्रकार नाही. खरी गोष्ट विम्याच्या कागदांत असते.

मालकाकडून मागच्या चार-पाच वर्षांच्या पॉलिसी मागा आणि प्रत्येकीवर नो क्लेम बोनस किती टक्के आहे ते एका ओळीत लिहा. क्लेम नसेल तर हा बोनस २०, २५, ३५, ४५ आणि ५० टक्के असा चढत जातो. ओन डॅमेजचा, म्हणजे स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा, क्लेम घेतला की पुढच्या नूतनीकरणाला तो शून्यावर येतो. म्हणजे २०१८ च्या गाडीवर ०, २०, २५, ० असा क्रम दिसला, तर तिसऱ्या पॉलिसीच्या काळात काहीतरी घडलंय. आता थेट विचारा, "त्या वर्षी कशाचा क्लेम घेतला होता?" तारीख माहीत असलेल्या माणसासमोर थापा मारणं अवघड जातं.

यात तीन पळवाटा आहेत. पॉलिसी संपून ९० दिवसांपेक्षा जास्त काळ गेला असेल किंवा मधे मालक बदलला असेल, तरी बोनस शून्य होतो. त्याचा अर्थ अपघात असा नाही. उलट बोनस वाचवणारं जादा कव्हर घेतलेलं असेल तर क्लेम होऊनही टक्के तसेच राहतात. आणि रोख पैसे देऊन बाहेर काम करून घेतलं असेल तर विम्यात काहीच दिसणार नाही. म्हणून मालकाला विमा कंपनीकडून क्लेमचा इतिहास ईमेलवर मागवायला सांगा. पॉलिसी त्याच्या नावावर आहे, त्याने मागितला तर मिळतो. टाळाटाळ केली तर तेवढंही उत्तर पुरेसं आहे.

क्लेम झाला होता हे कळलं की मग अस्सल ऐवज मागायचा: वर्कशॉपचं फायनल बिल, सर्व्हेअरचा रिपोर्ट आणि दुरुस्तीच्या आधीचे फोटो. हे बिल ओळीओळीने वाचा. ग्रिल, पुढचा बंपर, दोन्ही हेडलॅम्प, कंडेन्सर, रेडिएटर, इंटरकूलर इतकंच असेल तर धक्का समोरून बसला, पण बाहेरच्या थरात थांबला. त्याच बिलात एप्रन, साइड मेंबर (वर सांगितलेले पुढचे दांडे), सबफ्रेम (इंजिन आणि सस्पेन्शन धरणारी खालची चौकट) अशा ओळी आल्या की धक्का आत पोचला समजायचं. एका बाजूचे चाकाला धरणारे पार्ट, म्हणजे नकल, लोअर आर्म, ड्राइव्ह शाफ्ट आणि अलॉय व्हील असं एकत्र दिसलं तर चाक दुभाजकावर किंवा मोठ्या खड्ड्यात जोरात आदळलंय. अशा गाडीत पार्ट नवे असले तरी ज्याला ते जोडलेत ती बॉडी जागेवर आहे का, हे पाचव्या पायरीत बघायचं आहे.

मजुरीच्या ओळीही चुकवू नका. पार्टांत एप्रन आहे आणि मजुरीत मोजमापाच्या बेंचचं किंवा जिगचं काम कुठेच नाही, तर ते जोडकाम डोळ्यांच्या अंदाजाने झालंय. आणि एअरबॅगची ओळ आहे पण सीटबेल्ट आणि एअरबॅग कंट्रोल युनिटची नाही, तर अर्धंच काम झालंय. बऱ्याच गाड्यांत एअरबॅगबरोबर पुढच्या बेल्टचे टेन्शनरही उडतात.

अजून एक हिशेब. दुरुस्तीचा खर्च गाडीच्या आयडीव्हीच्या (पॉलिसीवर लिहिलेली गाडीची विम्याची किंमत) ७५ टक्क्यांवर गेला की विमा कंपनी ती टोटल लॉस धरते. आयडीव्ही ८ लाख असेल तर ही रेषा ६ लाखांवर. अशी गाडी मग लिलावात भंगाराच्या भावाने जाते, आणि परफॉर्मन्स कार असेल तर ती तोडण्यापेक्षा जोडून विकण्यात जास्त पैसा असतो. अशा गाडीच्या खुणा कागदावर दिसतात: सर्व्हिसच्या नोंदीत अचानक आठ-दहा महिन्यांची पोकळी, त्याच सुमारास बदललेला मालक, अर्ध्यातच थांबलेली जुनी पॉलिसी. तिन्ही एकत्र दिसलं तर गाडी बघायलाही जाऊ नका. पेट्रोल वाचेल.

३. पोलिस केस झाली होती का?

हे विचारायला लोक संकोचतात आणि नंतर कोर्टाच्या फेऱ्या मारतात. अपघातात कोणी जखमी झालं असेल तर गुन्हा नोंदतात, गाडी जप्त होते आणि मालकाला ती बहुधा कोर्टाच्या आदेशाने सुपुर्दनाम्यावर (खटला चालू असेपर्यंत गाडी सांभाळण्याच्या हमीवर) परत मिळते. त्या सुपुर्दनाम्यात खटला संपेपर्यंत गाडी विकू नये, तिचं रूप बदलू नये अशा अटी असतात. अशी गाडी विकत घेतलीत तर भानगड तुमच्या दारात येते. ई-कोर्ट्सच्या संकेतस्थळावर मालकाच्या नावाने पुणे जिल्हा न्यायालयाची प्रकरणं शोधता येतात. मोटार अपघात दाव्यांसाठीही तिथेच शोधा. अपघात सातारा किंवा रायगड हद्दीत झाला असेल तर ते जिल्हेही बघा, कारण पुण्याच्या गाड्या खंबाटकीत आणि ताम्हिणीच्या पलीकडेही लागतात.

४. आता गाडी बघा: सकाळी, कोरडी, थंड

इमारतीच्या तळघरात ट्यूबलाइटखाली गाडी कधीच बघू नका. नुकतीच धुतलेली ओली गाडीही नको, पाण्याच्या थेंबांत रंगातला फरक लपतो. सकाळी आठच्या सुमाराला, उघड्यावर, इंजिन थंड असताना जा. मालकाला आधीच सांगून ठेवा की गाडी सुरू करू नका. तरीही बोनेट गरम लागलं, तर थंड इंजिनचा आवाज तुम्हाला ऐकू द्यायचा नव्हता असं समजा. पोलो जीटीच्या जुन्या १.२ टीएसआय इंजिनात टायमिंग चेन सैल होण्याची तक्रार जगभर झालेली आहे, आणि ती खडखड थंड इंजिनाच्या पहिल्या काही सेकंदांतच ऐकू येते.

सोबत टॉर्च आणि रंगाची जाडी मोजणारं यंत्र घ्या. हे यंत्र ऑनलाइन दोन-तीन हजारांपासून मिळतं, आणि या सगळ्या खटाटोपात यापेक्षा चांगला खर्च दुसरा नाही. कारखान्यातला रंग साधारण ८० ते १६० मायक्रॉनमध्ये असतो. २०० ते ३०० आला तर तो पॅनेल पुन्हा रंगवलाय. ५०० च्या वर गेला की खाली पुट्टी आहे, आणि हजारच्या वर म्हणजे पुट्टीचाच पॅनेल आहे. दरवाजे आणि फेंडर मोजून थांबू नका. छप्पर, पिलर, दरवाजा उघडल्यावर दिसणारी आतली कड, डिकीचा तळ इथे मोजा. फेंडर रंगवलेला असणं पुण्याच्या रहदारीत जवळजवळ ठरलेलंच आहे, पण छपरावर ४०० आला तर गाडी पलटी झाली असण्याची शंका घ्यायलाच हवी. मोठ्या जर्मन गाड्यांचं बोनेट अनेकदा अ‍ॅल्युमिनियमचं असतं, तिथे लोहचुंबक चिकटत नाही. ते बघून लगेच 'पुट्टी आहे' म्हणून ओरडू नका. यंत्रही दोन्ही धातूंवर चालणारंच घ्या.

मग बोनेट उघडा आणि फेंडर जिथे बसतो तिथले बोल्ट जवळून बघा. कारखान्यात बॉडी जोडल्यावर रंगवतात, त्यामुळे बोल्टच्या डोक्यावर आणि खालच्या वॉशरवर रंगाचा एकसंध थर असतो. पाना लागला की कडेचा रंग तुटतो, धातू चमकतो, आणि वॉशर थोडं सरकलं की जुन्या जागेची कडा चंद्रकोरीसारखी दिसते. एका बाजूचे बोल्ट असे आणि दुसऱ्या बाजूचे जसेच्या तसे, तर धक्का कुठून आला ते कळलं. बिजागरांचे बोल्टही असेच तपासा. नंतर एप्रनच्या जोडावर टॉर्च तिरकी धरा. कारखान्याचे स्पॉट वेल्ड ठरावीक अंतरावर पडलेल्या छोट्या गोल खड्ड्यांसारखे असतात. तिथे ग्राइंडरचे ओरखडे, उंचवटे किंवा बोटाने फासल्यासारखा सीलंट दिसला तर तो जोड माणसाने केलेला आहे. डिकीत स्टेपनी बाहेर काढा आणि तळाला सुरकुत्या आहेत का बघा. मागून बसलेली धडक तिथेच उरते, बंपर कितीही नवा असो.

काचांवर कंपनीचा मार्क आणि उत्पादनाची खूण असते. सगळ्या एकाच वर्षाच्या आणि एक वेगळी, तर ती का बदलली ते विचारा. समोरची काच दगडानेही फुटते, मुंबईच्या एक्स्प्रेसवेवर रोज जाणाऱ्याची तर नक्कीच. पण मागच्या दरवाजाची काच सहसा अशीच फुटत नाही. शेवटी चॅसिस नंबर आरसीशी अक्षर न अक्षर जुळवा आणि त्याच्या आजूबाजूला घासल्याच्या किंवा वेल्डच्या खुणा नाहीत ना बघा.

एवढ्यातच बुडालेली गाडीही ओळखून घ्या. सप्टेंबर २०१९ मध्ये आंबिल ओढ्याच्या पुरात आणि २५ जुलै २०२४ ला सिंहगड रोडच्या एकतानगरीत पाणी शिरलं, तेव्हा कितीतरी गाड्या पाण्यात उभ्या होत्या. सीटबेल्ट पूर्ण बाहेर ओढा. शेवटच्या हातभर पट्ट्यावर गाळाचा डाग असतो, कारण तो भाग कोणी धूत नाही. सीटखालच्या रुळांवरचा गंज आणि कार्पेटखालचा वास उरलेलं सांगतात.

५. स्कॅनर, लिफ्ट आणि अलाइनमेंटचा कागद

इथपर्यंत गाडी टिकली तर ती ब्रँड ओळखणाऱ्या वर्कशॉपमध्ये न्या. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये पैसे भरून तपासणी होते, आणि पुण्यात फोक्सवॅगन-स्कोडाचं काम करणारी स्वतंत्र गॅरेजही आहेत. वर्कशॉप तुम्ही निवडा, विकणाऱ्याने सुचवलेलं नको. तो गाडी न्यायला नाही म्हणाला तर तिथूनच घरी या.

बाजारातला स्वस्त ओबीडी डोंगल (गाडीच्या सॉकेटला लावायचा छोटा स्कॅनर) फक्त इंजिनाचे कोड वाचतो. तुम्हाला एअरबॅग, एबीएस, स्टीअरिंग, गिअरबॉक्स सगळी युनिट्स वाचायची आहेत, म्हणून ब्रँडसाठीचं सॉफ्टवेअर लागतं. फोक्सवॅगन घराण्यातल्या गाड्यांत एअरबॅग युनिटमध्ये धडकेची नोंद राहते, आणि ती साध्या स्कॅनरने पुसली जात नाही. एअरबॅगचा दिवा इग्निशन देताच पेटला पाहिजे आणि काही सेकंदांनी विझला पाहिजे. पेटलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा वायर दुसरीकडे जोडली आहे. विझला तरी खात्री नाही, कारण उडालेल्या एअरबॅगच्या जागी रेझिस्टर लावून युनिटला गंडवण्याचा उद्योग चालतो. त्यामुळे डॅशबोर्डची प्रवाशाच्या बाजूची कड, तिथल्या झाकणाचा पोत आणि स्टीअरिंगवरच्या मजकुराचे अक्षर नीट बघा. नवा चढवलेला डॅशबोर्ड आजूबाजूच्या जुन्या प्लास्टिकशी रंगात जुळत नाही.

लिफ्टवर सबफ्रेमचे बोल्ट आपल्या जागेवरून सरकलेले आहेत का, नवा आणि जुना लोअर आर्म शेजारी शेजारी दिसतोय का, शॉकअपला तेल आलंय का, हे बघा. मग कॉम्प्युटर अलाइनमेंट करून त्याची प्रिंट घ्या. दुरुस्त केल्याची नको, आल्या स्थितीतली प्रिंट हवी. कॅस्टर (बाजूने बघितल्यावर पुढच्या चाकाच्या वळणाच्या अक्षाचा कल) बहुतेक गाड्यांत हलवता येत नाही, म्हणून तोच सगळ्यात प्रामाणिक आकडा. डाव्या-उजव्यात अर्ध्या अंशापेक्षा जास्त फरक आला तर काहीतरी वाकलेलं आहे. पोलोला मागे ट्विस्ट बीम (दोन्ही मागची चाकं जोडणारा एकच आडवा दांडा) आहे, तिथे टो (चाकं आत किंवा बाहेर वळलेली असणं) समायोजित करायची सोयच नाही. मागचा टो बाहेर गेला तर बीम वाकलाय किंवा बॉडीवरची त्याची बैठक. गाडी लोअरिंग स्प्रिंगवर असेल तर आकडे बदलतात, पण दोन्ही बाजूंना सारखे बदलतात. एकाच बाजूला बदलले असतील तर 'स्प्रिंगमुळे' ही सबब ऐकू नका.

६. टेस्ट ड्राइव्ह

मालकाला चालवू द्या आणि आधी शेजारी बसा, रेडिओ बंद. तो गाडी कशी वागवतो हे पाच मिनिटांत कळतं. नंतर तुम्ही घ्या.

बायपासवर बावधनकडून वारजेकडे जाताना रस्ता मोकळा मिळेल तिथे, नियमात राहून, स्टीअरिंग सैल धरा. गाडी सरळ जाते का, आणि सरळ जाताना स्टीअरिंग वाकडं राहतं का, हे बघा. ब्रेकची परीक्षा मात्र नवले पुलाच्या उतारावर नको. २० नोव्हेंबर २०२२ ला तिथे ४८ वाहनं एकमेकांवर आदळली होती, आणि अवजड ट्रक तुमच्या टेस्ट ड्राइव्हसाठी थांबणार नाही. ब्रेकसाठी रविवारी सकाळी हिंजवडीचा आतला रिकामा रस्ता चांगला. ताशी ६० वरून जोरात ब्रेक लावल्यावर गाडी एका बाजूला ओढत असेल तर कारण शोधूनच पुढे जायचं. रिकाम्या मैदानात स्टीअरिंग पूर्ण वळवून दोन्ही बाजूंना गोल फिरवा. कट-कट आवाज म्हणजे ड्राइव्ह शाफ्टचा जॉइंट. गतिरोधकांसाठी वेगळा रस्ता शोधायला नको, पुण्यात कुठलीही सोसायटीची गल्ली चालेल.

टर्बो गाडीत समोरच्या धडकेनंतर थंड करणारी सगळी यंत्रणा नव्याने जोडली जाते. अर्धा तास चालवल्यावर, एसी सुरू ठेवून गर्दीत उभं राहा आणि तापमान बघा. पाइपचा एखादा क्लॅम्प सैल राहिला तरी बूस्ट (टर्बोने दाबलेल्या हवेचा जोर) सुटतो आणि गाडी आळशी वाटते. ड्राय क्लच (तेलात न बुडालेला) असलेल्या सात गिअरच्या डीएसजीत, म्हणजे दोन क्लचच्या ऑटोमॅटिक गिअरबॉक्समध्ये, पहिल्या-दुसऱ्या गिअरला रांगताना झटके येतात का ते नक्की बघा. मेकॅट्रॉनिक युनिट (हा गिअरबॉक्स चालवणारा भाग) बिघडलं तर गाडीच्या भावातल्या सगळ्या बचतीवर पाणी पडतं. २०२० नंतरच्या १.० लिटर पोलो जीटीत ही डीएसजी नाही, साधा टॉर्क कन्व्हर्टर ऑटोमॅटिक आहे.

इंजिन रिमॅप केलंय का, म्हणजे ताकद वाढवायला त्याचं सॉफ्टवेअर बदललंय का, हेही विचारा. 'स्टेज वन' (रिमॅपची पहिली पायरी) म्हणजे रुबाब वाटतो, पण क्लच आणि टर्बोवर त्याचा ताण येऊन गेलेला असतो, आणि विमा कंपनीला न सांगितलेला बदल पुढच्या क्लेममध्ये आडवा येऊ शकतो. आवाज वाढवणारा सायलेन्सर तर ट्रॅफिक पोलिसांनाही ऐकू येतो. मूळचा सायलेन्सर मालकाकडे असेल तर तो सौद्यात मागून घ्या.

७. भाव

"साहेब, फक्त बंपरला लागलं होतं" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय की आता बंपरवर दया येते. त्यावर उत्तर एकच: "मग तेवढं लिहून द्या." लिहून द्यायला तयार झाला तर पुढे बोला.

मी साधारण असा हिशेब धरतो. बाहेरचे पार्ट बदललेले, बिल आहे, अलाइनमेंट नीट आहे: तशाच न लागलेल्या गाडीपेक्षा दहा टक्के कमी. एप्रनचं काम कागदासहित: वीस ते पंचवीस टक्के कमी. यापुढची गाडी मी घेतच नाही, म्हणून तिचा भावही माझ्याकडे नाही. एक लक्षात ठेवा, तुम्हाला मिळालेली सूट पुढचा गिऱ्हाईकही तुमच्याकडे मागणार आहे. दोन वर्षांत विकायची असेल तर लागलेली गाडी परवडत नाही, सहा-सात वर्षं मनसोक्त चालवायची असेल तर परवडते.

पार्टांचं गणित भावात धरायलाच हवं. पोलो २००९ पासून २०२२ पर्यंत इथेच चाकणला बनत होती, त्यामुळे तिचे साधे पार्ट आजही मिळतात. नाना पेठेत विचारलंत तर बाहेरचेही मिळतील, फक्त ओरिजिनल कोणता ते ओळखता आलं पाहिजे. अबार्थ पुंटो रांजणगावात बनायची. १४५ पीएसची ही गाडी आजही तिच्या भावात दुसरी सापडत नाही, पण फियाटने इथली विक्री थांबवल्यावर तिच्या खास पार्टांसाठी लोक जुन्या गाड्या शोधत फिरतात. आरएस २४५ पूर्ण बनलेली आयात झाली होती. तिचा एक हेडलॅम्प किंवा बंपर किती दिवसांत आणि कितीला येईल, हे सौद्याआधी सर्व्हिस सेंटरच्या पार्ट्स काउंटरवर विचारा. अशा गाडीच्या बाबतीत आधीच्या दुरुस्तीत कुठला पार्ट 'मिळाला नाही म्हणून जुळवला' हेही विचारायचं असतं.

गाडी दिल्लीची, केरळची किंवा कर्नाटकची असेल तर एनओसी आणि महाराष्ट्राचा रोड टॅक्स आधी मोजा, मग ती स्वस्त आहे का ते ठरवा. बहुतेकदा नसते.

८. टोकन आणि कागदपत्रं

टोकन ऑनलाइन द्या आणि पावती अशा मजकुराने घ्या: "वाहन क्रमांक अमुक यासाठी टोकन मिळाले. वाहनाचा अमुक महिन्यातील अपघात व त्याची दुरुस्ती यांची पूर्ण माहिती खरेदीदारास दिली आहे. याशिवाय वाहनास अन्य अपघात, पुराचे नुकसान, एअरबॅग उघडणे, प्रलंबित न्यायालयीन प्रकरण अथवा कर्ज नाही. तपासणीत याहून वेगळे आढळल्यास टोकनची रक्कम पूर्ण परत केली जाईल." खाली सही, तारीख आणि ओळखपत्राची प्रत. डीलरकडून घेतलीत तर याच कागदावर ग्राहक आयोगात दाद मागता येते. खासगी मालकाविरुद्ध ती वाट नसते, दिवाणी दावा करावा लागतो. म्हणून खासगी सौद्यात हा कागद जास्तच जपा.

मालकी बदलण्याच्या फॉर्म २९ आणि ३० वर विकणाऱ्याच्या सह्या, गाडीवर कर्ज होतं तर फॉर्म ३५ आणि बँकेची एनओसी, दुसऱ्या आरटीओची गाडी असेल तर तिथल्या एनओसीचा फॉर्म २८. पुण्याची एमएच-१२ आणि पिंपरी-चिंचवडची एमएच-१४ ही दोन वेगळी कार्यालयं आहेत, हे नवख्यांच्या लक्षात येत नाही. अर्ज परिवहनच्या पोर्टलवर करायचा. थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडून आधी भरून घ्या. डीलर असेल तर त्याच्याकडे जुन्या गाड्यांच्या व्यवसायाचं आरटीओचं अधिकारपत्र आहे का आणि आधीच्या मालकाने फॉर्म २९सी (गाडी डीलरकडे दिल्याची आरटीओला सूचना) भरलाय का, ते विचारा; एप्रिल २०२३ पासून हा नियम आहे.

विम्याकडे मात्र त्याच आठवड्यात बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १५७ प्रमाणे गाडी हस्तांतरित झाली की थर्ड पार्टी विमा तुमच्याकडे येतो, पण पॉलिसी नावावर करायला १४ दिवसांत अर्ज द्यायचा असतो. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचं कव्हर आपोआप येत नाही. जुन्या मालकाच्या नावावरची पॉलिसी घेऊन फिरताना गाडी ठोकलीत तर दुरुस्तीचे पैसे तुमच्याच खिशातून जातील, आणि त्याचा नो क्लेम बोनस तर तो स्वतःच्या पुढच्या गाडीला घेऊन जाणारच आहे. विमा कंपनीचा माणूस गाडीची पाहणी करायला आला की आधीच्या दुरुस्तीचं बिल त्यालाही दाखवा, आणि त्याने काढलेल्या फोटोंची एक प्रत मागून स्वतःकडे ठेवा.